न्यू जर्सीचे सकाळचे आठ

ज्योत्स्ना अंभोरे मूळची तेल्हाऱ्याची. वडील पुंजाजी एसटीत वाहतूक नियंत्रक. स्टँडावरच्या जाळीच्या खिडकीमागं बसून गाड्यांच्या नोंदी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. ज्योत्स्नानं अमरावतीला आधी डिप्लोमा केला, मग पदवी. सोबतची बहुतेक पोरंपोरी पुण्या-हैदराबादला निघून गेली, ही मात्र राजापेठेतल्या ‘सुगम’ नावाच्या चौदा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. प्रोग्रामरची जागा रिकामी नव्हती, म्हणून सपोर्टला बसली. सपोर्टला म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, तक्रार लिहून घ्यायची आणि ती प्रोग्रामर लोकांकडे ढकलायची. तीन वर्षं तिनं हेच केलं. फरक एवढाच की तक्रार ढकलल्यावरही ती तिच्या मागं मागं जायची. चूक कुठं सापडली, कुणी कशी दुरुस्त केली, हे स्वतः कोड उघडून वाचायची. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं.

कंपनीच्या गिऱ्हाइकांत अकोल्याच्या भावना गावंडे होत्या. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात हल्ली शस्त्रक्रियेनं यंत्र बसवतात. पण यंत्र बसलं म्हणजे मूल बोलायला लागत नाही. आवाज म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, हे त्याला आठवड्या-आठवड्याला बसून शिकवावं लागतं. भावनाताई तेच शिकवत. परदेशात गेलेल्या मराठी घरांतली मुलंही त्यांच्याकडे ऑनलाइन येत, कारण आजी-आजोबांशी बोलायचं तर मराठीतच बोलायला हवं. असं करता करता अकरा देशांतली एकशे त्रेचाळीस मुलं झाली. त्यांच्या वेळा ठरवणारी, आठवण पाठवणारी, हजेरी मांडणारी वेबसाइट ‘सुगम’नं करून दिली होती. प्रतीक्षा यादी मोठी, म्हणून एक नियम केला होता. लागोपाठ दोन वेळा गैरहजर राहिलं की त्या मुलाची जागा आपोआप पुढच्याला जायची.

२०२३ च्या मार्चमधल्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सहाला ज्योत्स्नाच्या टेबलावरचा फोन वाजला.

“तुमी सुगमवाले का? मी माया बोलून राहिली, न्यू जर्सीवरून. आमी मूळचे बाळापूरचे. आमच्या पिंटूची जागा काहून काढली तुमी?”

ज्योत्स्नानं नोंद उघडली. अठरा मार्च, गैरहजर. पंचवीस मार्च, गैरहजर.

“ताई, इथं तर दोन वेळा गैरहजर दिसून राहिला.”

मायाचा आवाज चढला.

“गैरहजर? अवो, दोनी शनिवारी बरोबर सकाळी आठाले मी लेकराले घेऊन बसली. आठ महिन्यांपासून आठाचीच वेळ हाय आमची. स्क्रीन काळीच्या काळी. मशीन कानाले लावून चाळीस मिनिटं बसला थो. भावनामावशी रागावली का, असं त्याले तोंडानं इचारता येत नाई अजून. त्यानं मले गाल फुगवून दाखवले अन् स्क्रीनकडे बोट केलं.”

ज्योत्स्नानं तक्रार लिहून घेतली खरी, पण ढकलली नाही. आधी तिनं अकोल्याला फोन लावला.

“अगं, मी बसले होते ना,” भावनाताई म्हणाल्या. “दोन्ही शनिवारी. संध्याकाळी साडेसहा ही पिंटूची वेळ. कॅमेरा लावून, खेळणी मांडून बसले. कुणी आलंच नाही. मला वाटलं, कंटाळले असतील.”

फोन ठेवून ज्योत्स्ना कागद घेऊन बसली. तिकडे आई म्हणते आम्ही बसलो होतो, इकडे ताई म्हणतात मी बसले होते. दोघीही खरं बोलत होत्या. मग मधला एक तास कुठं गेला?

तो अमेरिकेनं खाल्ला होता. तिथं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरात पुन्हा मागं आणतात. हिवाळ्यात न्यू जर्सीला आठ वाजतात तेव्हा अकोल्याला साडेसहा झालेले असतात. बारा मार्चनंतर मात्र तिकडच्या आठाला इकडे साडेपाचच वाजत होते. माया साडेपाचला पोराला घेऊन बसत होती आणि भावनाताई साडेसहाला. ताईंनी कॅमेरा लावेस्तोवर पिंटू पोहायच्या क्लासला गेलेला असायचा.

आणि हे वेबसाइटला का कळलं नाही, तेही कोडमध्ये दिसलं. पिंटूची वेळ डेटाबेसमध्ये ‘शनिवार सकाळचे आठ’ अशी लिहिलेलीच नव्हती. ती लिहिली होती ‘दुपारी एक, यूटीसी’ अशी. यूटीसी म्हणजे साऱ्या जगाचं मिळून एक घड्याळ. ते ऋतूप्रमाणे बदलत नाही, कुठल्या सरकारचं ऐकत नाही. भारत त्याच्या साडेपाच तास पुढं. जुलैत बुकिंग झालं तेव्हा वेबसाइटनं मायाची वेळ यूटीसीत बदलून ‘दुपारी बारा’ अशी ठेवली. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागं गेली तेव्हाही घोळ झाला असणार, म्हणून ज्योत्स्नानं जुन्या नोंदी पाहिल्या. तेव्हा भावनाताईंनी हातानं ती बाराची एक करून घेतली होती, त्यांना वाटलं की मायानंच नवीन वेळ मागितली. म्हणजे दुखणं जुनंच होतं. यंदा फक्त दोन गैरहजेऱ्यांच्या नियमानं ते पोराच्या जिवावर आलं.

पिंटूची जागा भावनाताईंनी त्याच दिवशी परत दिली. मुख्य प्रोग्रामर अंकुर धांडे मंगळवारी सकाळी दुरुस्तीला बसला. हुशार माणूस, आणि कष्टाळूही. ‘सगळं यूटीसीत’ हा कंपनीतला नियम त्याचाच. तो नियम त्यानं उगाच केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बदलला, जुना भारताच्या घड्याळावर चालायचा आणि नवा यूटीसीवर, तेव्हा पहाटे साडेपाचच्या आधीच्या साऱ्या नोंदी आदल्या दिवशीच्या तारखेला पडत होत्या. साऱ्या नोंदी यूटीसीत आणून तो गोंधळ अंकुरनं एकट्यानं निस्तरला होता. तेव्हापासून यूटीसीवर त्याची श्रद्धाच बसली.

आता त्यानं कोडमध्ये एक ओळ घातली. देश अमेरिका असेल तर सेशन एक तास अलीकडे घ्या. तासाभरात काम झालं.

गुरुवारी फिनिक्सहून तक्रार आली. फिनिक्स अमेरिकेतच आहे, पण ॲरिझोना राज्यात घड्याळं बदलतच नाहीत. तिथल्या एका मुलीची सकाळी सातची वेळ अंकुरच्या ओळीनं सहावर नेली. घर झोपेत, आणि इकडे भावनाताई खेळणी मांडून बसलेल्या. तोवर लंडनवाल्यांचाही फोन आला, कारण तिथली घड्याळं सव्वीस तारखेला बदलली होती. अंकुरनं दुसरी ओळ घातली, मग तिसरी. शुक्रवारी तो कपाळ चोळत म्हणाला, “रविवारी सिडनीवाले उलट्या दिशेनं बदलणार आहेत. तिकडे आता थंडी सुरू होते.”

ज्योत्स्नाला एवढं कळत होतं की ओळी घालून हे मिटायचं नाही. पण मग कशानं मिटेल, ते तिला अजून सांगता येत नव्हतं.

रविवारी ती तेल्हाऱ्याला गेली होती. दुपारी परत निघताना गाडीला वेळ होता, म्हणून वडिलांच्या केबिनमध्ये जाऊन बसली. पुंजाजी नोंदवहीत लिहीत होते. कुणी ड्रायव्हर ‘जयभीम पुंजाजी’ म्हणत कागद सरकवायचा, ते वेळ बघायचे, लिहायचे, सही करायचे.

“बाबा, सकाळची सव्वासातची अकोला आज कितीले गेली?”

“सात बावीसले. एक म्हातारी बोचकं चढवून राहिली होती.”

“मंग पाटीवर सात बावीस कराचं का आता?”

पुंजाजींनी चष्म्यावरून पोरीकडे पाहिलं. “येडी झाली का व? पाटीवर सव्वासातच राहते. लोकं पाटी पाहूनच घरून निंगतात. सात बावीस आपल्या वहीत. गाडी गेल्यावर लिहाची थे वही.”

“अन् गाडी जायाच्या आधी वहीत लिहिलं तं?”

“कसं लिहिशीन? गेलीच नाई अजून थे.” ते हसले. “काहून इचारून राहिली?”

ज्योत्स्ना उठली, वडिलांच्याच टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. झालेल्या गोष्टीची वेळ आणि ठरवलेल्या गोष्टीची वेळ, या दोन निराळ्या जाती आहेत. पिंटू काल किती वाजता आला, हे घडून गेलं, ते यूटीसीत लिहावं. जगात कुठंही वाचलं तरी तोच क्षण. पण पिंटू पुढच्या शनिवारी किती वाजता येणार, हा त्याच्या आईला दिलेला शब्द आहे, आणि तो तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाप्रमाणे दिलेला आहे. अंकुर सरांनी न गेलेल्या गाड्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. अकोल्याची गाडी लागली तरी तिचं लिहिणं चालूच होतं. पुंजाजींनीच बॅग उचलून तिला गाडीत बसवलं.

सोमवारी सकाळी तिनं अंकुरला आणि कंपनीच्या मालकीण आरती काळमेघ यांना दहा मिनिटं मागितली. आरती मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी खुर्चीकडे हात केला.

“पुढची सेशनं यूटीसीत साठवू नयेत,” ज्योत्स्ना म्हणाली.

अंकुरची भुवई वर गेली. “सगळं जग यूटीसीत साठवतं.”

“झालेलं साठवते, सर. तेवढं आपलं बरोबरच आहे, हजेरी यूटीसीतच राहू द्या. पण ठरलेली वेळ तशीच्या तशी लिहू. शनिवार, सकाळचे आठ, आणि पुढं शहराचं नाव. देश लिहून भागत नाही, फिनिक्सनं दाखवलंच. ज्या शहरांची घड्याळं एकसारखी चालतात त्यांना मिळून एक नाव असते. न्यू जर्सीला न्यूयॉर्कचं लागते, आपल्याला कोलकात्याचं. कुठल्या शहरात घड्याळ कधी बदलते याची पूर्ण यादी जगभरातले लोक मिळून सांभाळतात, आणि ती आपल्या सर्व्हरवर आत्ताही पडलेली आहे. ती आपण वापरतच नाही. सेशनचा क्षण लागेल तेव्हा त्या यादीवरून काढायचा.”

“दर वेळी?”

“दर वेळी. मशीन थोडीच थकते?”

अंकुर टेबलावर पुढं झुकला. माणूस चिडला नव्हता, त्याला आता खरंच गोडी वाटायला लागली होती. “बरं. मार्चच्या त्या रविवारी अमेरिकेत रात्री दोनचे एकदम तीन होतात. म्हणजे अडीच वाजतच नाहीत. कुणी अडीचची वेळ घेतली तर तुझा प्रोग्राम काय करणार?”

“साडेतीनला नेईल, आणि आपल्याला तसं कळवेल.”

“आणि नोव्हेंबरात? तेव्हा दीड दोनदा वाजतात.”

“पहिला दीड धरायचा. तसे हे दोन्ही प्रसंग कधी येणार नाहीत, त्या वेळी लेकरं झोपलेली असतात. पण नियम लिहून ठेवायचा, नाहीतर मशीन आपल्या मनानं ठरवते.” ती थांबली. “आणखी एक आहे, सर. ‘आज’ म्हटलं तर कुणाचा आज? ताईंच्या यादीत अकोल्याचा आज पाहिजे. आईच्या मोबाइलवर तिच्या गावचा. आपण दोन्हीकडे सर्व्हरचा आज दाखवून राहिलो.”

बोलण्याच्या भरात शेवटचं वाक्य वऱ्हाडी निघालं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. अंकुर मागं टेकला आणि आरती मॅडमकडे पाहून म्हणाला, “हे असंच करायला पाहिजे.”

“किती दिवस लागतील?” मॅडमनी विचारलं.

“माझ्याकडे आधीच दोन प्रोजेक्ट आहेत,” अंकुर म्हणाला.

“तुला विचारत नाही. ज्योत्स्नाला विचारते आहे.”

ज्योत्स्नाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “मी सपोर्टला आहे, मॅडम.”

“ते मला माहीत आहे. किती दिवस?”

“सहा आठवडे.”

“अंकुर तपासून देईल. तोपर्यंत फोन दुसरं कुणीतरी घेईल.”

असं ते काम तिच्या हाती आलं. पहिलाच डोंगर जुन्या नोंदींचा. एकशे त्रेचाळीस मुलांच्या वेळा यूटीसीत पडलेल्या. त्या मूळच्या वेळेत परत आणायच्या तर ठरवल्या त्या दिवशी त्या गावात कोणतं घड्याळ चालू होतं, हे पाहायला हवं. आजच्या घड्याळानं मोजलं की निम्म्या चुकणार. आणि गाव तर कुणाचंच माहीत नव्हतं, नोंदीत फक्त देश होता. तिनं प्रत्येक घराला संदेश पाठवला. तुमचं शहर कोणतं, तुमच्याकडे घड्याळ बदलतं का, आणि तुमच्या मनात सेशनची वेळ कोणती आहे? फिनिक्सच्या बाईंनी लिहिलं, “आमच्याकडे बदलत नाही, म्हणून तर त्या दिवशी बोंब झाली!” नऊ घरांनी उत्तर दिलं नाही. त्यांना तिनं ज्याच्या त्याच्या दिवसाच्या वेळी फोन केले. एका आजीबाईंनी तिला शहराऐवजी पूर्ण पत्ता, फ्लॅटचा नंबर आणि नातवाच्या शाळेचं नाव सांगितलं.

मग कोड. आजवर तो दर ठिकाणी मशीनलाच विचारायचा, किती वाजले? ज्योत्स्नानं ते बंद केलं. ‘आत्ता किती वाजले’ हे बाहेरून सांगायची सोय केली. त्यामुळे प्रोग्रामला खोटी तारीख देऊन तपासता येऊ लागलं. समज, आज एकोणतीस ऑक्टोबर आहे, लंडनच्या मुलाला काय दाखवशील? समज, पाच नोव्हेंबर आहे. समज, सिडनीचा एप्रिल आहे. तिनं पुढच्या दोन वर्षांतले बदलाचे सारे दिवस एकेक करून त्याच्यापुढं ठेवले.

अंकुरनं तपासायला घेतलं ते कंबर कसून. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला बोलावलं. “हे बघ. पुढच्या आठवड्याचं सेशन काढताना तू एकशे अडुसष्ट तास मिळवले आहेस.”

“सात दिवसांचे तेवढेच होतात ना?”

“घड्याळ बदलतं त्या आठवड्यात?”

ज्योत्स्नानं डोक्याला हात लावला. त्या आठवड्यात सात दिवसांचे एकशे सदुसष्ट तास होतात, नाहीतर एकशे एकोणसत्तर. जी चूक काढायला ती बसली होती, तीच तिनं मागच्या दारानं आत घेतली होती. तास मिळवायचे नाहीत, कॅलेंडरवर पुढचा शनिवार धरायचा आणि मग त्या दिवशीचे आठ काढायचे. तिनं ते बदललं आणि जिथं जिथं तास मोजले होते त्या साऱ्या जागा शोधून काढल्या. आणखी दोन सापडल्या.

“सर, तुम्ही नसतं पाहिलं तर नोव्हेंबरात पुन्हा तेच झालं असतं.”

“मीही पाहिलं नसतं,” अंकुर म्हणाला. “तुझ्या त्या खोट्या तारखांच्या तपासणीत न्यूयॉर्कपुढं चूक दाखवणारा लाल रंग आला, म्हणून शोधलं.”

मेच्या शेवटी नवीन वेबसाइट चालू झाली. चालू झाली म्हणजे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण उन्हाळ्यात काहीच बदलत नव्हतं. खरी कसोटी पुढंच होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनी बदललं, सगळी मुलं वेळेवर आली. शेवटच्या रविवारी लंडन बदललं, तीही आली. आता अमेरिका राहिली होती, आणि तिथं एकसष्ट मुलं होती.

सोमवारी, सहा नोव्हेंबरला, ज्योत्स्ना सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेली आणि भावनाताईंच्या केंद्रात त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसली. सकाळची सेशनं म्हणजे तिकडची रविवार संध्याकाळ. ताईंच्या यादीत त्यांच्या वेळा आपोआप तासाभरानं पुढं सरकल्या होत्या. ताई म्हणाल्या, “मी यंदा कुणालाही फोन केलेला नाही हं. तू नको म्हणालीस म्हणून.”

“नकाच करू.”

पहिलं मूल टेक्सासचं. ठरलेल्या मिनिटाला चौकोन उजळला आणि एक दात पडलेला पोरगा हसला. मग शिकागो. मग बॉस्टनच्या जुळ्या बहिणी. दुपारी थोडा वेळ मिळाला तेव्हा दोघींनी डबे उघडले, पण ज्योत्स्नाचं लक्ष संध्याकाळच्या यादीतच होतं. संध्याकाळी अमेरिकेची सकाळ सुरू झाली आणि मुलं पुन्हा एकामागं एक येऊ लागली. फिनिक्सची मुलगी मंगळवारी आली, तिच्या वेळेत एका मिनिटाचाही फरक नव्हता. पिंटू शनिवारी आला. दिवाळी तोंडावर होती म्हणून अंगात नवा कुर्ता होता, आणि घरातली पणती त्यानं कॅमेऱ्याच्या इतकी जवळ धरली की माया मागून ओरडली.

आठवड्याची यादी निघाली. एकसष्टपैकी एकसष्ट हजर. भावनाताईंनी ती छापून केंद्राच्या दारावर चिकटवली. तिचा अर्थ येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळेना, पण ताईंनी ती महिनाभर काढू दिली नाही.

डिसेंबरात माया माहेरी आली आणि पिंटूला घेऊन थेट अमरावतीला ‘सुगम’च्या ऑफिसात येऊन धडकली. सोबत ताज्या भाजलेल्या तुरीच्या शेंगा. पाच वर्षांचं पोर, कानामागं निळं यंत्र. माया त्याच्यासमोर बसली, ज्योत्स्नाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “हे कोन हाय? सांगितलं होतं ना गाडीत?”

पिंटूनं ओठ जुळवले. बोलायला कठीण नाव. नीट ऐकू येणारी मुलंसुद्धा अडखळतात, तेल्हाऱ्यात तर अर्धं गाव तिला ‘जोस्ना’च म्हणतं.

“ज्यो,” तो म्हणाला. थांबला. सगळं ऑफिस हातातली कामं सोडून बघत होतं. “ज्योत्. ज्योत्-स्-ना.”

त्यातला ‘स’ त्यानं इतका जोर लावून काढला की त्याची मान हलली. ज्योत्स्ना खाली बसली आणि त्याला जवळ घेतलं. अंकुर खिडकीकडे तोंड करून उगाच पडदा सारखा करत राहिला.

जानेवारीत नवीन बातमी आली. कझाकस्तानच्या सरकारनं ठरवलं की एक मार्चपासून साऱ्या देशाचं एकच घड्याळ. अलमाटी शहराला त्यासाठी कायमचं एक तास मागं यायचं होतं. अलमाटीत अचलपूरचे एक डॉक्टर वैद्यकीय विद्यापीठात शिकवत होते, आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला भावनाताईंकडे शिकायची. तिकडचे पाच म्हणजे इकडचे साडेचार. एक मार्चपासून ते साडेपाच होणार होते. हा काही दरवर्षीचा ठरलेला बदल नव्हता. सरकारनं कायदा केला, आणि सहा आठवड्यांत तो लागू होणार होता.

शहरांच्या घड्याळांची यादी सांभाळणाऱ्या लोकांनी फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी नवीन यादी काढली. ज्योत्स्नानं ती सर्व्हरवर चढवली आणि प्रोग्रामला विचारलं, समज, आज एक मार्च आहे. अलमाटीची मुलगी अकोल्यात किती वाजता दिसेल?

साडेचार, प्रोग्राम म्हणाला.

तिनं पुन्हा चढवली, पुन्हा विचारलं. साडेचारच.

आता ती सपोर्टवाली राहिली नव्हती, तिच्या टेबलावर प्रोग्रामरची मोठी स्क्रीन होती. तरी तिनं तीन वर्षांच्या सवयीप्रमाणे वही काढली आणि कोण कुणाला वेळ विचारतो हे एकेक पायरी करत लिहीत गेली. दुपारपर्यंत चोर सापडला. सर्व्हरनं नवीन यादी घेतली होती, पण ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता तिनं आपल्या पोटात स्वतःची एक वेगळी यादी ठेवली होती, ती जुनीच होती, आणि प्रोग्राम तिलाच विचारत होता.

“अंकुर सर, दोन याद्या आहेत!”

अंकुर खुर्चीसकट सरकत आला. दोघांनी मिळून दुसरीही यादी बदलली. मग पालकांना पाठवायला आधीच वेळ काढून रांगेत लावलेल्या साऱ्या आठवणी नव्यानं काढायला लावल्या, आणि यापुढं यादी जुनी झाली की सर्व्हरनं स्वतः ओरडावं अशीही सोय केली. पुन्हा विचारलं. साडेपाच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांचा भावनाताईंना फोन आला. आमच्याकडे घड्याळं बदलणार आहेत, इकडे कुणालाच नीट समजत नाहीये, मुलीची वेळ काय करायची? ताईंनी तो फोन ज्योत्स्नाला जोडून दिला.

“काही करू नका, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली. “तुमच्या घरी पाच वाजले की बसवा तिला. आमचं आम्ही पाहून घेतलं आहे.”

शुक्रवारी, एक मार्चला, पाचनंतर ऑफिसात कुणी कामच करेना. भावनाताईंनी डॉक्टरांना विचारून ज्योत्स्नाला सेशनमध्ये पाहायला जोडून घेतलं होतं. आरती मॅडम केबिनबाहेर येऊन उभ्या राहिल्या. पाच अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले. अमरावतीत साडेपाच झाले आणि स्क्रीनवरचा काळा चौकोन उजळला. दोन वेण्या घातलेली मुलगी अलमाटीच्या घरात बर्फाळ खिडकीपाशी बसली होती. भावनाताईंना बघून तिनं दोन्ही हात वर केले.

“ताई! आज माझा डान्सचा क्लास चुकला,” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. एकेक शब्द सावकाश, पण स्वच्छ. “त्यांचं घड्याळ चुकलं. तुमचं बरोबर.”

राजापेठेतल्या त्या खोलीत एकदम टाळ्या पडल्या. अंकुरनं ज्योत्स्नाच्या पाठीवर थाप मारली ती जरा जोरातच. आरती मॅडम आत गेल्या आणि एक जाडजूड फाइल घेऊन परत आल्या. नागपूरच्या एका हृदयरोग केंद्राला देशोदेशीच्या पेशंटांना औषधांच्या वेळा कळवणारी वेबसाइट हवी होती. मुख्य प्रोग्रामर कोण, या रकान्यात मॅडमनी तिचं नाव आधीच लिहून टाकलं होतं.

“सोमवारी पहिली मीटिंग,” त्या म्हणाल्या. “बोलायचं तू. अंकुर सोबत येईल.”

“तपासायला,” अंकुर म्हणाला.

ज्योत्स्नानं फाइल छातीशी धरली आणि मान हलवली. मग कुणीतरी खालून गरम गिला वडा मागवला. कढी सांडेल म्हणून तिनं फाइल उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि पहिली प्लेट स्वतःकडे ओढली.